सूर तोच, लय चढी

गेल्या पावसाळ्यात मी एक खेळणं विकत घेतलं. तळहातावर मावणारं, साडेतीन इंची पडद्याचं, जुने व्हिडिओ गेम चालवणारं चिनी यंत्र. पार्सल फोडताना बायकोने विचारलं, "हे लेकीसाठी ना?" मी हो म्हणालो. लेक म्हणाली, "मला नकोय." मालकीचा प्रश्न तिथेच मिटला.

यंत्राबरोबर हजारो गेम भरलेलं एक मेमरी कार्ड आलं होतं. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. ह्या छंदातले जाणकार पहिल्या दिवशीच सांगतात की ते कार्ड बाहेर काढायचं, त्याची ताबडतोब दुसरीकडे नक्कल करून ठेवायची आणि मूळ कार्ड विसरून जायचं. मी हे वाचलं होतं. हेल्मेटबद्दलही मी बरंच वाचलेलं आहे. चौथ्या दिवशी यंत्र सुरू केलं तर यादी रिकामी. सगळे फोल्डर जागच्या जागी, आत काही नाही. गाव उठून जत्रेला गेल्यासारखं.

मग सुरू झाली ती दुरुस्ती. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, पण त्याचा कार्ड लावायचा खाचा केव्हाच बिघडलाय. म्हणून मेलेल्या कार्डातून जे जमेल ते बायकोच्या मॅकवर उपसून काढलं आणि नवीन ६४ जीबीचं चांगल्या दुकानातलं कार्ड आणलं. ते यंत्राला दिसेचना. कारण कार्ड होतं एक्सफॅट पद्धतीने बांधलेलं आणि माझ्या यंत्राला कळत होती जुनी फॅट३२. रीडर लावून लॅपटॉपवर बदलायला गेलो, तर विंडोजच्या त्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ हा पर्यायच नाही. फुकट मिळणारा एक छोटा प्रोग्रॅम हे काम दहा सेकंदांत करतो. तो शोधण्यात माझे दोन तास गेले.

कार्ड दिसलं, गेम दिसले, आणि प्रत्येक गेम दोनदा दिसला. एक खरा, एक त्याच्याच नावाचा, पण नावाच्या आधी टिंब आणि खाली रेघ लावलेला. दुसरा उघडला की काळा पडदा. हा मॅकचा प्रताप. मॅक अशा कार्डावर काही ठेवताना प्रत्येक फाइलमागे आपली एक चार केबीची चिठ्ठी ठेवून जातो, त्याच्या स्वतःच्या नोंदींसाठी. मॅकला ती दिसत नाही, बाकी सगळ्या जगाला दिसते. रात्री साडेअकरा वाजता मी एकेक भूत पुसत बसलो होतो आणि बायको शेजारी शांतपणे झोपली होती. तिच्या मॅकबद्दल मी त्या वेळी पुटपुटलो ते इथे लिहीत नाही.

प्लेस्टेशनचे गेम सुरूच होईनात, त्याचं कारण मात्र निव्वळ मी. त्या जुन्या सीड्यांची नक्कल दोन फाइलींत असते. एक मोठी, सगळा माल असलेली. दुसरी चिमुकली, क्यू नावाची, जिच्यात माल कुठे आहे ते लिहिलेलं असतं. मी हौसेने मोठ्या फाइलींची नावं सुटसुटीत केली. चिमुकलीच्या पोटात जुनीच नावं राहिली. घर बदललं आणि पत्रिकेवर पत्ता जुनाच छापला, तर वऱ्हाड जाणार कुठे? क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडते, साधी अक्षरं असतात. नाव दुरुस्त केलं, गेम चालू.

पण हे सगळं मी ज्या गेमसाठी केलं तो प्लेस्टेशनचा नव्हता. तो कॉन्ट्रा होता.

*

१९९४ च्या दिवाळीत अण्णांनी मुंबईच्या मनीष मार्केटमधून टीव्ही गेम आणला. तेव्हा आम्ही सांगलीत, एसटी डेपोच्या मागच्या बाजूला राहायचो. निन्टेन्डो हे नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला त्याच कंपनीचं फॅमिकॉम नावाचं यंत्र विकायला आलं आणि आमचा टीव्ही गेम ही त्याची नक्कल आहे, हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. आमच्यासाठी ते मूळच होतं. त्याला एक अडॅप्टर होता, तासाभरात त्यावर पापड भाजता येईल इतका तापणारा. दोन रिमोट होते. आणि पिवळ्या प्लॅस्टिकची एक कॅसेट. कार्ट्रिज नाही, कॅसेट. तिच्यावर लिहिलं होतं की हिच्यात ९९९९९९ गेम आहेत. होते सात. तेच सात गेम निरनिराळ्या नावांनी पानोपानी यायचे. अण्णांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या डेपोतल्या गाड्यांसारखं आहे. पाटी बदलली की गाडी नवी."

टीव्हीला शटर होतं. ते सरकवायचं, कट-कट वाजणारं चॅनलचं बटण फिरवायचं, मग त्याच्या भोवतीची बारीक चकती हळूहळू, श्वास धरून. मुंग्यांच्या वारुळातून आधी आवाज यायचा, मग तिरकं चित्र, मग सरळ. गेम लागला नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर. ह्या फुंकरीने खरं तर काही होत नाही, झालंच तर दमट हवेने पिना गंजतात. उपयोग होतो तो कॅसेट काढून परत बसवण्याचा. दादाला हे आता सांगितलं तर तो म्हणतो, "असेल. पण तुझ्या फुंकरीने लागायचा नाही आणि माझ्या फुंकरीने लागायचा, त्याचं काय?"

कॉन्ट्रामध्ये दोघांनी एकत्र खेळता येतं. पहिला खेळाडू निळ्या विजारीचा, दुसरा लाल. दादा थोरला म्हणून निळा, मी लाल. जगात लोकांना तीस लाइफ मिळवण्यासाठी वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं अशी बटणं दाबावी लागायची; आमच्या कॅसेटीत ती आपोआप यायची, कुणीतरी आधीच आत हात घालून ठेवला होता. प्रत्येक स्टेजच्या सुरुवातीला आधी दादाने एक उडी मारायची, मग मी. पुढे पाऊल त्यानंतरच. हा आमचा नियमच होता. तालमीत उतरताना पोरं मातीला हात लावतात तसं काहीतरी, असं मी धरून चाललो होतो.

*

नव्या कार्डावर कॉन्ट्रा लावला आणि पहिल्याच पडद्यावर अडखळलो. झाडं हलत होती. मागची पामची झाडं वाऱ्यावर डुलत होती, आणि आमची झाडं कधी हलली नव्हती. हे मात्र लगेच सुटलं. यादीत होता तो जपानी अवतार. जपानी कॅसेटीत एक जास्तीची चिप होती, तिच्या जोरावर तिथली झाडं हलायची, दोन स्टेजच्या मध्ये नकाशेही यायचे. अमेरिकन अवतारात हे सगळं काढून टाकलेलं. आमच्या कॅसेटीत होता तो हाच अमेरिकन अवतार. तो शोधून लावला, झाडं गप्प झाली.

तरी काहीतरी चुकत होतं. मी मरत होतो. मान्य, वय झालंय, अंगठे जड झालेत. पण गोळी दिसायची आणि लागायची ह्यातलं अंतर मला ओळखीचं वाटेना. धूनही घाईत असल्यासारखी. चुकून वेग वाढवायचं बटण दाबलं गेलं असेल म्हणून ते तपासलं. नव्हतं. पडद्याच्या सेटिंगमध्ये जेवढी टिकमार्क होती तेवढी सगळी एकदा उलटी करून पाहिली, परत सुलटी केली. शेवटी पहिल्या स्टेजचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि सांगलीला दादाला पाठवला. खाली लिहिलं, "ओळख."

दादाचं हार्डवेअरचं दुकान आहे, पण गुरुवारी आणि एकादशीला तो भजनी मंडळात पेटी वाजवतो. कान तयार आहे. दहा मिनिटांत फोन.

"कॉन्ट्रा. पण असं पळतंय कशाला?"

"तुलाही फास्ट वाटतंय?"

"वाटतंय काय, हायच की. सूर तोच आहे, लय चढवलीय. द्रुतात घेतलंय कुणीतरी."

मी म्हटलं, दादा, तीस वर्षं झाली, सूर तोच आहे हे तू कशावरून म्हणतोस? तर म्हणाला, त्या वेळी अण्णांच्या पेटीवर ती धून त्याने बसवली होती. सुरुवात कुठल्या पट्टीवरून करायचा ते बोटांना ठाऊक आहे, आणि आत्ता फोन पेटीवर ठेवूनच त्याने ऐकलं. "बोटं विसरत नाहीत रे," एवढं बोलून तो गिऱ्हाईक बघायला गेला.

तंत्रज्ञ मंडळी ज्याला निदान म्हणतात ते त्याने एका वाक्यात केलं होतं, फक्त मला ते अजून कळलेलं नव्हतं.

*

आमच्या टीव्हीची वीज सेकंदाला ५० वेळा लहरते, अमेरिकेची आणि अर्ध्या जपानची ६० वेळा. टीव्हीची चित्रंही त्याच हिशेबाने ठरली. आमच्याकडे पाल पद्धत, सेकंदाला पडदा ५० वेळा रंगवायचा. त्यांच्याकडे एनटीएससी पद्धत, ६० वेळा. आणि त्या काळचे गेम घड्याळ बघत नसत, पडदा मोजत. पडदा एकदा रंगला की माणूस एक पाऊल पुढे, गोळी एक घर पुढे, धून एक कण पुढे. त्यामुळे तोच गेम ५० च्या टीव्हीवर चालवला की दहा मिनिटांचं काम बारा मिनिटांचं होतं. मी ज्या कॉन्ट्राचा राजा होतो तो मुळात सावकाश कॉन्ट्रा होता! अमेरिकेतली पोरं ह्या वेगाने खेळत होती आणि आम्ही आपले विलंबित.

म्हटलं, सोपं आहे. ५० वाला कॉन्ट्रा शोधू. युरोपातही पाल होतं, तर युरोपचा अवतार घेऊ. तो मिळाला, त्याचं नावच वेगळं होतं, प्रोबोटेक्टर. लावला, आणि जंगलातून दोन लोखंडी यंत्रमानव धावत आले. विजारी नाहीत, उघड्या छात्या नाहीत, शत्रूसुद्धा रोबो. जर्मनीत माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या खेळांबद्दल नियम कडक होते, म्हणून कंपनीने सगळ्या युरोपसाठी माणसंच काढून टाकली. मी दोन मिनिटं खेळलो. परक्याच्या लग्नात जेवल्यासारखं वाटलं.

मग सेटिंगच्या आत शिरलो. ह्या यंत्रात प्रत्येक जुन्या मशीनसाठी एकेक प्रोग्रॅम असतो. इम्युलेटर म्हणतात, मी बहुरूपी म्हणतो. आज पोलीस, उद्या मारुती. माझ्या फॅमिकॉमच्या बहुरूप्याचं नाव एफसीईयूएमएम. त्याच्या पर्यायांत 'रीजन' अशी ओळ आहे. ऑटो, एनटीएससी, पाल. पाल केलं. अमेरिकन कॉन्ट्रा सावकाश झाला, अंगठ्यांना बरं वाटलं. ध्वनिमुद्रण सांगलीला रवाना.

"आता लय आली," दादा म्हणाला. "पण पट्टी उतरली."

"किती?"

पेटीचा भाता ऐकू आला. "एक पट्टी, आणि वर थोडं. बेसूर आहे."

आणि हे अगदी खरं निघालं. निन्टेन्डोने युरोपसाठी जे मशीन केलं त्याच्या प्रोसेसरचा वेगच कमी होता, सेकंदाला १७ लाख ९० हजार ठोक्यांऐवजी १६ लाख ६३ हजारांच्या आसपास. सूर त्या ठोक्यांतून निघतात; ठोके कमी झाले की सूर खाली. हिशेब करून पाहिला तर सव्वा पट्टीच्या थोडं वर येतं. तीस वर्षांपूर्वीच्या बोटांच्या आठवणीवर दुकानाच्या गल्ल्यावर बसून दादाने ते सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्याचा जो अभिमान वाटला तो त्याला सांगितला नाही. डोक्यावर बसला असता.

म्हणजे आमचं मशीन अमेरिकन नव्हतं, युरोपियनही नव्हतं. लय युरोपची, सूर जपानचा. असं कुठलं मशीन असतं? पर्यायांची यादी पुन्हा उघडली. पालच्या खाली अजून एक शब्द होता, मी तो आधी पाहूनही सोडला होता. डेंडी.

डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या नकली मशीनचं नाव. १९९२ च्या शेवटी तिथे ते बाजारात आलं, खोक्यावर एक हत्ती होता, आणि तिथल्या पोरांचं लहानपण त्यावर गेलं. ती खोकी तैवानी नकलेवर उभी होती, आणि नक्कल करणाऱ्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं होतं. त्यांना जपानी-अमेरिकन कॅसेटी पाल टीव्हीवर चालवायच्या होत्या. युरोपसारखा प्रोसेसरचा वेग पाडला तर पुष्कळ कॅसेटी गडबडतात. म्हणून त्यांनी प्रोसेसरचा वेग जवळजवळ मुळाइतकाच ठेवला, १७ लाख ७३ हजार. पाल पडद्याला मात्र २६२ ऐवजी ३१२ ओळी लागतात. त्या जास्तीच्या ५० ओळी त्यांनी चित्र संपल्यावर नुसत्या रिकाम्या जाऊ दिल्या. गेमला काही कळतच नाही. तो थांबतो, आणि ओळी गेल्या की आपलं पुढचं पाऊल टाकतो. सूर राहिला, लय पडली.

डेंडी केलं. दादाला पाठवलं. ह्या वेळी तो बराच वेळ काही बोलला नाही.

"आता?"

"लय बरोबर. पट्टी बरोबर," तो म्हणाला. "पण आवाज आपल्या पेटीचा नाही. जिथे बारीक पाहिजे तिथे भरीव आहे, आणि भरीव पाहिजे तिथे बारीक. रीड अदलाबदल केल्यासारखी."

मी म्हटलं, दादा आता खेचतोय. पण त्याच यादीत खाली उतरत गेलो तर आवाजाच्या भागात एक ओळ होती, ड्यूटी सायकलची अदलाबदल. तिच्याखालचं स्पष्टीकरण तीन वेळा वाचलं. काही नकली मशिनींच्या चिपमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार चुकून उलटे जोडले गेले होते. एक नाकातला, बारीक, दुसरा पोकळ आणि गोल. मूळ मशीनवर जिथे पहिला वाजतो तिथे ह्या नकलांवर दुसरा वाजतो. लाखो घरांत ती धून चुकीच्या आवाजात वाजली. आणि जगात कुठेतरी कुणी प्रोग्रॅमर बसला, ज्याने ती चूक मुद्दाम, काळजीपूर्वक परत करता यावी म्हणून एक बटण लिहिलं. नकलेची अस्सल नक्कल. हे कुणी, कशासाठी लिहिलं असेल? पैसे तर मिळाले नसणारच. त्याच्याही घरी एखादा पेटी वाजवणारा भाऊ असेल.

बटण चालू केलं. पहिलेच चार सूर आले आणि मला अडॅप्टरचा वास आला. शपथेवर सांगतो.

*

आता नुसता आवाज नाही, व्हिडिओच पाठवला. लय, पट्टी, रीड, गप्प झाडं, तीस लाइफ, सगळं. निळ्या विजारीचा माणूस पूल फुटायच्या आत पळतोय. वर ऐटीत लिहिलं, "आता काढ चूक."

दादाचा फोन रात्री आला, भजन संपल्यावर. मागे टाळ पिशवीत भरल्याचे आवाज.

"ऐकायला एकदम बरोबर. डोळे मिटून बघितलं, काही फरक नाही. पण हे रंग कुठले?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता की."

मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. शटरचा टीव्ही. कट-कट बटणाचा. अर्थातच. रंगीत टीव्ही घरात आला १९९८ ला, ताईच्या लग्नानंतर, आणि टीव्ही गेम त्याच्या आधीच्या पावसाळ्यात जळाला होता. अडॅप्टरनेच घात केला.

"पण मला लाल-निळं स्पष्ट आठवतंय, दादा. तू निळा, मी लाल."

"ते तू नंतर कुणाकडे तरी बघितलं असशील. आपल्याकडे दोघंही राखाडी. म्हणून तर आधी उडी मारून बघायला लागायचं, आपला कुठला ते."

फोन ठेवल्यावर मी यंत्र हातात घेऊन गच्चीत गेलो, मग परत आत आलो, कारण पाऊस होता. लॅपटॉप उघडला. ह्या बहुरूप्याला तुमचे स्वतःचे रंग देता येतात. फॅमिकॉमचे रंग म्हणजे ६४ खणांची एक यादी; प्रत्येक खणात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे; सगळी मिळून १९२ बाइटची फाइल. ह्या परिच्छेदाहूनही किती तरी लहान. काळा-पांढरा टीव्ही रंगांकडे कसं बघतो त्याचा हिशेब ठरलेला आहे. लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११, बेरीज करायची आणि तिन्ही जागी तोच आकडा लिहायचा. चौसष्ट वेळा. एक्सेलमध्ये झटक्यात झालं असतं, पण निम्मे मी हाताने केले. फाइल कार्डावर सिस्टिम फोल्डरमध्ये टाकली, रंगांच्या पर्यायात 'कस्टम' निवडलं.

लेक पाणी प्यायला उठली होती. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बाबा, बिघडलं का?"

"नाही. आता झालं नीट."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि झोपायला गेली. स्टेज सुरू झाली. राखाडी जंगल, न हलणारी झाडं, डावीकडून आत आलेला एकच राखाडी माणूस. मी पुढचं बटण दाबायच्या आधी त्याला जागच्या जागी एक उडी मारायला लावली.